जुन्या व्हॉल्व्ह मायक्रोफोनमध्ये दमट हवेत परत परत येणारी करकर : दोष नेमका कुठे शोधावा

जुना व्हॉल्व्हचा, म्हणजे आत निर्वात काचनळी असलेला, कंडेन्सर मायक्रोफोन दुरुस्त करून घ्यावा, आठ-पंधरा दिवस त्याने निर्मळ आवाज द्यावा आणि मग एखाद्या दमट सकाळी गायकाने पहिला स्वर लावण्याआधीच हेडफोनमध्ये वाळलेली पाने चुरगळल्यासारखी करकर ऐकू यावी, हा अनुभव अशा मायक्रोफोनवर जीव असणाऱ्या अनेकांना कधी ना कधी येतो. ही करकर सलग नसते. ती मध्येच थांबते, मिनिटभर शांतता राहते, मग एकदम ‘टप्’ असा जाड आवाज येतो आणि त्याच्या पाठोपाठ पुन्हा बारीक चटचट सुरू होते. गाण्याच्या चढ-उताराशी तिचा संबंध नसतो. खोलीत कोणी नसतानाही ती चालूच राहते. हवा कोरडी झाली की ती आपोआप नाहीशी होते, आणि दुरुस्ती करणाऱ्याला सर्वांत जास्त फसवते ती हीच गोष्ट.

माझ्याकडच्या मायक्रोफोनमधला हा दोष दोन वेळा ‘दुरुस्त’ झाला होता. पहिल्यांदा व्हॉल्व्ह बदलला. करकर गेली आणि तीन आठवड्यांनी परत आली. दुसऱ्यांदा आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या आधीचा कपॅसिटर बदलला. पुन्हा तेच घडले. तिसऱ्यांदा कॅप्सूलच, म्हणजे आवाज पकडणारा पडद्याचा भागच, बदलून टाकावी, असे जवळजवळ ठरले होते. जुनी कॅप्सूल म्हणजे मायक्रोफोनचा आवाजच, त्यामुळे हात थांबला आणि आधीच्या दोन्ही दुरुस्त्यांमध्ये समान काय होते, याचा विचार करायला वेळ मिळाला. दोन्ही वेळा मायक्रोफोन उघडा करून दिव्याखाली कित्येक तास ठेवला होता, सोल्डरिंगची उष्णता त्याला मिळाली होती आणि तपासणीसाठी तो दिवसभर चालू राहिला होता. म्हणजे दोन्ही वेळा तो आतून पूर्ण वाळला होता. त्या काळात जो भाग बदलला त्याला श्रेय मिळाले. खरे काम कोरडेपणाने केले होते. दमट हवेत परतणारी करकर बहुतेक वेळा एखाद्या भागाच्या आत नसते, ती भागांच्या पृष्ठभागावर असते, आणि पृष्ठभाग तपासल्याशिवाय भाग बदलत राहिल्यास मायक्रोफोनमधले मूळचे चांगले सामान एकेक करून निघून जाते, दोष मात्र जागच्या जागी राहतो.

थोडीशी ओल एवढी का भोवते

कंडेन्सर कॅप्सूल हा स्वतः एक छोटा कपॅसिटर असतो. जुन्या मोठ्या कॅप्सूलच्या एका बाजूची धारिता (कपॅसिटन्स) साधारण ५० ते ८० पिकोफॅरड असते, आणि पडदा व त्यामागची धातूची पाटी यांच्यामध्ये सुमारे ६० व्होल्टचे पोलरायझेशन व्होल्टेज दिलेले असते. हा विद्युतभार स्थिर राहावा म्हणून ते व्होल्टेज शंभर मेगाओहम किंवा त्याहून मोठ्या रेझिस्टरमधून पोहोचवतात, आणि व्हॉल्व्हच्या ग्रिडपासून, म्हणजे कॅप्सूलचा संकेत जिथे आत शिरतो त्या टोकापासून, जमिनीकडेही (ग्राउंडकडेही) तसाच प्रचंड किमतीचा रेझिस्टर असतो. एवढ्या मोठ्या रोधाच्या जागी बोटाचा तेलकट ठसा, धूळ किंवा सोल्डरिंगनंतर उरलेला राळेचा थर हादेखील एक ‘रेझिस्टर’ ठरतो. कोरड्या हवेत त्याचा रोध इतका जास्त असतो की तो जाणवत नाही. हवेतील ओल त्याने शोषली की तोच काही शे किंवा काही दहा मेगाओहमवर उतरतो, आणि तोही स्थिर राहत नाही. भार थोडा साचतो, थोडा निसटतो. ६० व्होल्टचा हजारावा भाग निसटला तरी तो ६० मिलिव्होल्टचा धक्का असतो, आणि मोठ्याने गायलेल्या आवाजाने कॅप्सूलवर उमटणारे व्होल्टेजही पुष्कळदा त्याहून कमी असते. ‘टप्’ एवढा जाड का ऐकू येतो, याचे उत्तर या आकड्यात आहे.

करकर सुरू होण्याआधी आणखी एक लक्षण दिसते आणि ते सहज निसटते. आवाज पातळ होतो. ८० पिकोफॅरडची कॅप्सूल आणि २०० मेगाओहमचा ग्रिड रेझिस्टर असेल तर खालच्या स्वरांची उतरण साधारण १० हर्ट्झपाशी सुरू होते, म्हणजे ऐकण्याच्या मर्यादेच्या खाली. त्या रेझिस्टरला समांतर २० मेगाओहमची गळती निर्माण झाली तर तीच उतरण ११० हर्ट्झच्या आसपास येते, आणि पुरुषी आवाजाचा व तंबोऱ्याच्या खर्जाचा भरणा तिथेच असतो. ‘आज मायक्रोफोन जरा कोरडा वाजतोय’ असे कोणी म्हटले तर त्या वाक्याकडे दुर्लक्ष करू नये.

तिसरी खूण वेळेची आहे. मायक्रोफोन सुरू केल्यावर करकर जोरात असते आणि व्हॉल्व्हच्या उबेने अर्ध्या-पाऊण तासात कमी होत जाते, असे घडत असेल तर ओलीचा संशय बळावतो. बिघडलेला व्हॉल्व्ह बहुधा याच्या उलट वागतो. तापल्यावर त्याची कुरबुर वाढते.

उघडण्यापूर्वी

अशा मायक्रोफोनमध्ये शंभराहून अधिक व्होल्ट असतात आणि त्याच्या वीजपुरवठ्याच्या पेटीत त्याहूनही जास्त. पेटी बंद केल्यावरही आतील मोठे कपॅसिटर भार धरून ठेवतात. म्हणून वायर काढून थांबावे, मग मीटरने व्होल्टेज शून्यावर आल्याची खात्री करावी, आणि त्यानंतरच हात घालावा. चालू वीजजोडणीवर काम करण्याची सवय नसलेल्याने या पेटीचे काम जाणकाराकडेच द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

दोष कोणत्या अर्ध्यात आहे

पहिले काम म्हणजे कॅप्सूल आणि इलेक्ट्रॉनिक भाग यांना वेगळे करून तपासणे. कॅप्सूलची जोडणी काळजीपूर्वक सोडवून ती स्वच्छ, झाकणाच्या डबीत ठेवावी आणि तिच्या जागी साधारण ६० ते ७० पिकोफॅरडचा, किमान शंभर व्होल्ट सहन करणारा पॉलिस्टायरीन किंवा अभ्रकाचा कपॅसिटर लावावा. वरची जाळी पुन्हा बसवावी, कारण ती आडोशाचे (शील्डिंगचे) काम करते. ती नसेल तर विजेची घरघर एवढी येते की बाकी काही ऐकूच येत नाही. आता मायक्रोफोन बहिरा आहे. जे ऐकू येते ते केवळ इलेक्ट्रॉनिक भागाचे आहे. करकर येत असेल तर कॅप्सूल त्या करकरीपुरती निर्दोष आहे.

दुसरी चाचणी पोलरायझेशन व्होल्टेज खंडित करण्याची आहे. ते बंद केल्यावर करकर थांबली तर दोष त्या व्होल्टेजशी निगडित आहे. न थांबल्यास व्हॉल्व्ह, त्याची खोबण (सॉकेट), ॲनोडचा (व्हॉल्व्हच्या आउटपुट टोकाचा) रेझिस्टर किंवा कपलिंग कपॅसिटर (ट्रान्सफॉर्मरच्या आधीचा) यांच्याकडे पाहावे. या चाचणीवरून अनेक जण थेट कॅप्सूल दोषी ठरवतात, आणि मीही तोच निष्कर्ष काढला होता. तो घाईचा आहे. पोलरायझेशन व्होल्टेज कॅप्सूलपर्यंत पोहोचण्याआधी रेझिस्टर, टर्मिनल आणि विद्युतरोधक आधार यांच्यावरून जाते, आणि गळती त्या वाटेवर कुठेही असली तरी व्होल्टेज बंद केल्यावर ती गप्पच बसते.

येथे मल्टीमीटरविषयी सांगणे गरजेचे आहे, कारण त्यामुळे चांगल्या कॅप्सूल विनाकारण बदलल्या जातात. नेहमीच्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम असतो. शंभर मेगाओहमच्या रेझिस्टरमधून आलेले ६० व्होल्ट कॅप्सूलच्या टोकावर त्याने मोजले तर मीटर साडेपाच व्होल्टच्या आसपास दाखवतो. व्होल्टेज नाहीसे झालेले नसते, मीटरनेच ते खाली खेचलेले असते. मोजायचे असेल तर रेझिस्टरच्या अलीकडच्या, वीजपुरवठ्याच्या बाजूला मोजावे.

दोष मुद्दाम आणणे

कोरड्या दिवशी लपणारा दोष कोरड्या दिवशी सापडत नाही. म्हणून तो आणावा लागतो. कॅप्सूल काढून तिच्या जागी कपॅसिटर असतानाच, मायक्रोफोनचा आतील सांगाडा झाकणाच्या मोठ्या डब्यात ठेवावा आणि त्याला न टेकेल अशा बेताने वाटीत ओले फडके ठेवावे. या काळात वीज अर्थातच बंद असावी. चार-पाच तासांनी तो बाहेर काढावा. कुठेही दवाचे थेंब दिसत असतील तर ते जाईपर्यंत वाट पाहावी आणि मगच सुरू करावा.

माझ्या मायक्रोफोनमध्ये पाच मिनिटांच्या आत करकर सुरू झाली, आणि कॅप्सूल तर डबीत होती. ज्या कॅप्सूलवर पाणी सोडायची तयारी झाली होती तिचा यात काहीही भाग नव्हता.

त्यानंतर जागा शोधायची. केस वाळवण्याच्या यंत्राची सर्वांत मंद उष्णता कागदाच्या लांब पुंगळीतून एकेका भागावर सोडली, हात सांगाड्यापासून दूर ठेवले आणि प्रत्येक वेळी यंत्र बंद करून ऐकले. व्हॉल्व्हच्या खोबणीवर सोडली, फरक नाही. तळाच्या बहुपिनी जोडणीवर सोडली, फरक नाही. वरच्या बाजूला असलेल्या छोट्या तपकिरी पट्टीवर सोडली तेव्हा चटचट आधी काही क्षण दाट झाली आणि मग तुटत तुटत थांबली. खात्रीसाठी प्लॅस्टिकच्या लांब नळीतून त्या पट्टीवर हलकासा उच्छ्वास सोडला. दोन सेकंदांत करकर परत आली. इतकी आज्ञाधारक करकर मी त्याआधी ऐकली नव्हती, आणि तो क्षण माझ्यासाठी मोठ्या आनंदाचा होता.

भिंगाखाली ती पट्टी पाहिली. ती मूळची नव्हती. पूर्वी कोणी तरी जुने रेझिस्टर काढून नवे बसवताना ते कागदी फिनॉलिकच्या पट्टीवर बसवले होते. कागदाचे थर राळेत दाबून केलेले हे साहित्य साध्या परिपथांत उत्तम चालते, पण ते हवेतील ओल शोषते. पोलरायझेशनचे टोक आणि ग्रिडचे टोक यांच्यात जेमतेम चार मिलिमीटरचे अंतर होते, आणि त्या अंतरात मधाच्या रंगाचा राळेचा थर पसरलेला होता. त्या थरात कापसाचा एक तंतू अडकला होता, अगदी दोन टोकांमध्ये पूल बांधावा तसा, आणि कडेला अंगठ्याच्या ठशाच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. म्हणजे पुसण्याचा प्रयत्न झाला होता, पण पुसताना राळ पातळ होऊन उलट सगळीकडे पसरली होती.

स्वच्छता आणि बदल

नुसती स्वच्छता पुरेशी ठरली असती का, याची परीक्षा मी आधी घेतली. ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कुंचला घेऊन पट्टी धुतली. पुसली नाही, धुतली, म्हणजे द्रव वाहून खाली जाईल आणि राळ सोबत नेईल अशा रीतीने, तीन-चार वेळा, दर वेळी नवे अल्कोहोल घेऊन. औषधी कामाचे ७० टक्क्यांचे अल्कोहोल येथे वापरू नये. त्यातील उरलेला भाग पाणीच असते. ओल्या डब्याची चाचणी पुन्हा केली. करकर बरीच कमी झाली, पण गेली नाही. थर गेला होता, साहित्य तेच होते.

म्हणून पट्टीच काढली. तिच्या जागी टेफ्लॉनचे दोन छोटे खांब बसवले आणि ग्रिडची जोडणी, म्हणजे मोठ्या रेझिस्टरचे टोक, कॅप्सूलकडून येणारी वायर आणि खोबणीकडे जाणारी वायर, एका खांबाच्या माथ्यावर हवेत एकत्र आणली. टेफ्लॉन ओल शोषत नाही आणि हवाही उत्तम विद्युतरोधक आहे. हे करताना वायर आखूड आणि ताठ ठेवणे महत्त्वाचे आहे. लोंबती वायर शेजारच्या धातूजवळ थरथरली तर तिच्यातील आणि त्या धातूतील धारिता बदलते, आणि मायक्रोफोनला हलका धक्का लागला तरी घुमल्यासारखा आवाज येतो. नवे रेझिस्टर त्यांच्या पायांना चिमट्याने धरावेत; अंगाला बोट लागू देऊ नये. सोल्डरिंग झाल्यावर तीच धुण्याची पद्धत पुन्हा करावी आणि सांगाडा कोमट, कोरड्या जागी रात्रभर ठेवावा. वरून वार्निश किंवा लाखेचा फवारा मारण्याचा सल्ला मिळतो. पृष्ठभाग निःशंक स्वच्छ नसेल तर तो फवारा घाण आत कोंडून ठेवतो आणि पुढच्या दुरुस्तीला ती काढणे अवघड करतो, म्हणून मी तो मारत नाही.

काढलेली पट्टी आणि तिच्यावरचे रेझिस्टर नाव लिहून पिशवीत ठेवले. जुन्या यंत्रात केलेला प्रत्येक बदल उलटवता आला पाहिजे, नवे भोक पाडावे लागता कामा नये, असे माझे मत आहे. माझे खांबसुद्धा जुन्याच भोकांवर बसले.

हाताशी सुटा झालेला परिपथ पाहून आणखी एक बदल अनेकांना सुचतो : ग्रिड रेझिस्टर १०० मेगाओहमवरून थेट १ गिगाओहमवर नेणे. कागदावर त्याचा लाभ आहे. रेझिस्टरची स्वतःची सळसळ खालच्या, न ऐकू येणाऱ्या भागाकडे सरकते. पण व्हॉल्व्हच्या ग्रिडमधून एक नॅनोअँपिअर एवढा क्षुल्लक प्रवाह जरी वाहत असला तरी १ गिगाओहमवर तो पूर्ण १ व्होल्टचा फरक पाडतो आणि व्हॉल्व्हचा कार्यबिंदू हलवतो. शिवाय रोध दहापट झाला की तीच गळती दहापट बोचते. ज्या मायक्रोफोनला दमट हवेचा त्रास आहे त्यात हा बदल करू नये.

कॅप्सूलकडे वळावे लागले तर

सर्वांचीच कॅप्सूल निर्दोष निघेल असे नाही. पण तिच्याकडे वळतानाही सुरुवात पडद्यापासून करू नये. कॅप्सूल ज्या विद्युतरोधक आधारावर उभी असते त्याच्या पृष्ठभागावर धूळ आणि बोटांचे ठसे असतात, आणि तो पडद्याला न शिवता स्वच्छ करता येतो. तेवढ्यानेच अनेक मायक्रोफोन गप्प होतात. जाळीच्या आत फोमचे अस्तर असेल तर तेही पाहावे. जुना फोम कालांतराने चिकट होतो, त्याचा भुगा पडतो आणि तो भुगा पडद्यावर बसतो. असे अस्तर कॅप्सूल बाजूला ठेवूनच काढावे.

पडद्याच्या बाबतीत तो कशाचा आहे हे आधी माहीत असावे लागते. नॉयमान या जर्मन कंपनीच्या १९४९ च्या यू ४७ या मायक्रोफोनमध्ये एम ७ ही कॅप्सूल होती आणि तिचा पडदा पीव्हीसीचा होता. असे पडदे वयाबरोबर कडक होतात, आक्रसतात आणि त्यावरचा सोन्याचा मुलामा सुटू लागतो. त्यांच्यावर द्रावक वापरणे म्हणजे उरलेसुरले घालवणे. नंतरच्या कॅप्सूलमध्ये आलेले पॉलिएस्टरचे पडदे अधिक टिकाऊ आहेत, तरी त्यांची जाडी काही मायक्रॉनच असते. त्यावरचा गायकांच्या श्वासातून साचलेला थर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याने आणि अतिमऊ कुंचल्याने काढणारे कुशल हात आहेत. ते काम शिकायचे तर निकामी कॅप्सूलवर शिकावे. कोणत्याही परिस्थितीत मधला स्क्रू सैल करू नये, दाबाची हवा मारू नये आणि कापसाचा बोळा फिरवू नये.

इतर संशयितांपैकी व्हॉल्व्ह पिनांवर काळवंडला असेल तर तो खोबणीत दोन-तीनदा आत-बाहेर करून पाहावा. आउटपुटचा जुना कागदी कपॅसिटर गळत असेल तर ट्रान्सफॉर्मरमधून एकदिश (डीसी) प्रवाह जाऊन त्याचा गाभा चुंबकित होऊ शकतो; तो मात्र निःसंकोच बदलावा. वीजपुरवठ्यात सेलेनियमचा रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारा भाग) असेल आणि त्याऐवजी सिलिकॉन डायोड बसवला असेल तर व्होल्टेज वाढते, त्यासाठी योग्य रेझिस्टर घालून ते मूळ आकड्यावर आणावे, नाही तर व्हॉल्व्हचे आयुष्य घटते. घरघर ही स्वतंत्र तक्रार आहे. तिचे मूळ बहुधा वीजपुरवठ्याच्या कपॅसिटरमध्ये, तुटलेल्या आडोशाच्या तारेत किंवा सैल जाळीत असते, आणि हवेच्या दमटपणाशी तिचे फारसे नाते नसते.

खात्री आणि त्यानंतरची काळजी

दुरुस्ती झाली असे म्हणण्यापूर्वी ओल्या डब्याची चाचणी त्याच कालावधीची, त्याच रीतीने पुन्हा करावी. कॅप्सूलच्या जागी कपॅसिटर असतानाच गेन नेहमीपेक्षा बराच वाढवून अर्धा तास रेकॉर्डिंग करावे आणि नंतर ते केवळ ऐकू नये, तरंगाकृती मोठी करून डोळ्यांनीही तपासावी. एकटादुकटा ‘टप्’ कानाला निसटतो, डोळ्याला दिसतो. ती सपाट असेल तरच कॅप्सूल परत लावावी. कॅप्सूल लावलेला मायक्रोफोन मात्र ओल्या डब्यात ठेवू नये. त्याची परीक्षा खऱ्या दमट दिवसांवर सोडावी.

वापर संपल्यावर गायकाच्या श्वासाने ओलावलेला मायक्रोफोन लगेच पेटीत बंद करू नये. थोडा वेळ चालू ठेवून मग थंड होऊ द्यावा आणि सिलिका जेल असलेल्या घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवावा. सिलिका जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडे करावे, कारण भरलेले सिलिका जेल पेटीत असूनही नसल्यासारखेच असते. थंड जागेतून उबदार दमट खोलीत आणलेला मायक्रोफोन खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंद पेटीतच ठेवावा, म्हणजे आत दव धरत नाही. रेकॉर्डिंगच्या अर्धा तास आधी तो सुरू करावा, आणि गायकापुढे पॉप फिल्टर हवाच.

माझ्या मायक्रोफोनने त्यानंतर दमट हवेचे दोन लांब हंगाम काढले आहेत. व्हॉल्व्ह तोच आहे, कॅप्सूल तीच आहे, आणि ती तपकिरी पट्टी अजून पिशवीत आहे.